सहाव्या जागेवरचा मणी : सिकलसेल समजून घेऊया

‘पोरीला रक्त कमी आहे. दोन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, बीट खाऊ घातलं, गूळ-शेंगदाणे दिले, तरी रक्त भरत नाही. हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडते. डोळे पिवळे दिसतात.’ वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरं घेताना ही तक्रार आम्ही पुष्कळ आयांच्या तोंडून ऐकली आहे. त्यातल्या कितीतरी मुलांची सिकलसेलची तपासणी तोवर कुणी केलेलीच नसते. कुणी कावीळ उतरवून आणलेली असते, कुणी संधिवाताचं औषध चालू केलेलं असतं, कुणी ताईत बांधलेला असतो.

विदर्भात हा आजार आदिवासी समाजांमध्ये आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या आपल्या घरांना ‘सिकलसेल’ हा शब्द परका नाही. कामधंद्यासाठी तिथून मुंबई, पुणे, नाशिकला आलेल्या घरांनाही तो माहीत असायला हवा, कारण माणूस गाव सोडतो तेव्हा त्याचं रक्त त्याच्याबरोबरच येतं. शब्द ऐकलेला असतो, पण शरीरात नेमकं काय बिघडतं हे फार थोड्यांना कुणी समजावून सांगितलेलं असतं. या वेळी आपण तेच पाहू. त्यासाठी थोडं रसायनशास्त्र लागेल. घाबरू नका, ते आपल्या ताटापासूनच सुरू होतं.

ताटातले रेणू, अंगातले रेणू

भाकरी, भात, बटाटा यांत पिष्टमय पदार्थ असतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोज नावाच्या छोट्या साखरेची लांब साखळी. पोटात ती तुटते, ग्लुकोज रक्तात जातं आणि अंगाला काम करायची ताकद मिळते. तेल, तूप, चरबी हे स्निग्ध पदार्थ. ते ताकद साठवतात आणि आपल्या प्रत्येक पेशीची भिंत त्यांच्यापासून बनते. डाळ, अंडी, मटण, मासळी, दूध यांतून प्रथिनं मिळतात. चौथा गट न्यूक्लिक आम्लांचा, म्हणजे ज्याला आपण डीएनए म्हणतो तो. शरीराची सगळी कृती त्यात लिहिलेली असते.

आज आपल्याला यातल्या प्रथिनांशी आणि डीएनएशी काम आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. अमिनो आम्लं मुख्यतः २० प्रकारची आहेत. २० रंगांचे मणी घेऊन निरनिराळ्या क्रमाने ओवले तर हजारो प्रकारच्या माळा होतील. तसंच केस, स्नायू, पचनाचे रस, रक्तातला लाल रंग हे सारं त्याच २० मण्यांतून बनतं. फरक फक्त मण्यांच्या क्रमाचा.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डाळ खाल्ली की मणी मिळतात, क्रम मिळत नाही. क्रम ठरतो डीएनएवरून, आणि डीएनए आईबापांकडून येतो. म्हणूनच सिकलसेल हा खाण्यापिण्याने होत नाही आणि कुठल्याही टॉनिकने, ज्यूसने किंवा जडीबुटीने जात नाही. ‘पंधरा दिवसांत सिकलसेल मुळापासून बरा’ असं सांगून पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हिमोग्लोबिन कसं असतं?

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन हे प्रथिन असतं. फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. ही दाटी पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार माळा असतात. दोन अल्फा माळा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या. दोन बीटा माळा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. एकूण ५७४ मणी. प्रत्येक माळेच्या घडीत हीम नावाचा एक छोटा रेणू आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू असतो. ऑक्सिजन त्या लोहाला धरून प्रवास करतो. लोह कमी पडलं तर हिमोग्लोबिन कमी बनतं. तो आपल्या बायांमध्ये नेहमी आढळणारा, साधा रक्तक्षय. त्याला लोहाच्या गोळ्या लागू पडतात आणि त्या चालू ठेवायलाच हव्यात. सिकलसेलमध्ये मात्र बिघाड लोहाचा नाही, माळेच्या क्रमाचा आहे.

एक मणी बदलला

बीटा माळेत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल हा मणी असतो. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन हा दुसरा मणी येतो. १४६ पैकी एकच. बाकी सगळी माळ जशीच्या तशी.

एका मण्याने एवढं काय होतं? ग्लुटामिक आम्लावर विजेचा ऋण भार असतो. अशा मण्याला पाणी आवडतं. तो रेणूच्या बाहेरच्या बाजूला पाण्यात खुशाल राहतो. व्हॅलिन तेलासारखा आहे. त्याला पाणी नको असतं. पातळ भाजीवर तेलाचे थेंब एकमेकांना कसे जाऊन चिकटतात, ते आपण रोज बघतो. व्हॅलिनही तसाच पाण्यापासून लपायला जागा शोधतो.

हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि अंगावर एक छोटीशी खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचा व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसतो. मग त्याला तिसरा चिकटतो, त्याला चौथा. बघता बघता लांब ताठ दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात आणि एरवी गोल, मऊ असलेली पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल.

फुफ्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळाला की दोर सुटतात आणि पेशी सरळ होते. पण असं वारंवार झालं की तिची भिंत खराब होते आणि ती कायमची वाकडी राहते. मग अंगात दोन गोष्टी घडतात.

पहिली : वाकड्या, कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही. हाडं, छाती, पोट जिथे अडकेल तिथे जीवघेण्या कळा येतात. लहान बाळाची हातापायाची बोटं सुजतात. बऱ्याच मुलांत हेच पहिलं लक्षण असतं.

दुसरी : चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. नवीन पेशी तेवढ्या वेगाने बनत नाहीत, म्हणून रक्त कमी राहतं. फुटलेल्या पेशींतल्या हीमपासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ बनतो, म्हणून डोळे पिवळे दिसतात. दरवेळी ती संसर्गाची कावीळ असते असं नाही.

हे कसं कळलं?

१९१० साली अमेरिकेतल्या शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. पेशी वाकड्या का होतात, हे पुढची जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सोडून पाहिलं. रुग्णांचं हिमोग्लोबिन वेगळ्या चालीने सरकलं, म्हणजे त्यावरचा विजेचा भारच वेगळा होता. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडाने होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दाखवता आलं. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांनी हिमोग्लोबिनचे पाचकरसाने तुकडे केले, एकेक तुकडा तपासला आणि बदललेला मणी शोधून काढला. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याची नोंद झाली.

आज तुमच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी तपासणी होते, तिच्यामागे ही मेहनत आहे.

पाणी, थंडी आणि ताप

‘भरपूर पाणी प्या’ असं नर्सताई सांगते, तेव्हा ते बोलायचं म्हणून सांगितलेलं नसतं. पेशीतलं पाणी कमी झालं की आतली दाटी वाढते. दाटी थोडी जरी वाढली तरी रेणू एकमेकांना फार वेगाने चिकटतात. म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली असलीच पाहिजे. वर्गात पाणी प्यायची आणि लघवीला जायची मुभा त्याला मिळाली पाहिजे. हे शाळेतल्या गुरुजींना, बाईंना स्वतः जाऊन सांगा.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडकलेल्या पेशी सुटत नाहीत. म्हणून हिवाळ्यात सकाळी थंड पाण्याची आंघोळ नको, स्वेटर हवा. ताप, जुलाब, उलट्या यांनी अंगातलं पाणी जातं. उन्हात वीट-मातीचं, बांधकामाचं जड काम केलं तरी तेच होतं. या प्रत्येक गोष्टीने कळा सुरू होऊ शकतात.

दोन नाणी

बीटा माळेची कृती प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून, एक वडिलांकडून. डीएनएच्या भाषेत चार अक्षरं आहेत : ए, टी, जी, सी. सहाव्या मण्यासाठी ‘जीएजी’ असं लिहिलेलं असतं. सिकलसेलच्या प्रतीत ‘जीटीजी’ होतं. एका अक्षराचा फरक.

दोन्ही प्रती चांगल्या असतील तर त्याला एए म्हणतात. एक चांगली, एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त. वाहकाच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे दोर सहसा तयार होत नाहीत. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला औषध लागत नाही आणि नोकरी, खेळ, लग्न काहीच त्याला बंद नाही. फक्त उन्हातान्हात अतिकष्टाच्या वेळी पाणी पीत राहावं आणि कधी लघवीतून रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवावं.

आता नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर? दोघांच्या हातात एकेक नाणं आहे असं समजा. एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला एस. प्रत्येक गरोदरपणात दोन्ही नाणी उडवली जातात. दोन्हींवर एस पडण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. वाहक मुलाची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी मुलाची २५ टक्के. नाण्याला मागचं काही आठवत नसतं. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच.

एक जण वाहक आणि दुसरा एए असेल, तर मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. फार तर वाहक होईल. एक ग्रस्त आणि एक वाहक असेल तर प्रत्येक वेळी ग्रस्त मुलाची शक्यता ५० टक्के.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. एसएस मुलाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. तरीही मूल आजारी निघालं की ‘हिच्याच रक्तात खोट’ म्हणून सुनेला माहेरी पाठवल्याची उदाहरणं आम्ही पाहिली आहेत. विज्ञान सांगतं, वाटा दोघांचा आणि दोष कुणाचाच नाही. सासूबाईंनी आणि मुलाच्या वडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यातलं लग्न असेल तर दोघांकडे तीच बदललेली प्रत असण्याची शक्यता वाढते. हेही लग्न जुळवताना लक्षात ठेवा.

कोणती तपासणी करायची?

पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. रक्ताचे थेंब एका द्रावणात टाकतात. ते द्रावण हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या रेघा दिसत नाहीत. तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. पण वाहक की ग्रस्त, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागतेच. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर ऋण भार कमी, म्हणून विजेच्या प्रवाहात ते मागे राहतं आणि वेगळं ओळखू येतं. थॅलेसेमियाचे वाहकही एचपीएलसीत सापडतात. ते कळणं महत्त्वाचं, कारण सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या वाहकांचं मूलही आजारी असू शकतं.

म्हणून पहिली तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून रडू नका आणि कागद घडी करून पेटीतही ठेवू नका. दुसरी तपासणी करून एएस की एसएस हे लिहून घ्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी तपासणी उपयोगाची नाही. बाळाच्या अंगात तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच असतं आणि ते दोर होऊ देत नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली हीच गोष्ट ओळखली होती. बाळ काही महिने ठणठणीत असतं आणि मग अचानक दुखणी सुरू होतात, त्याचं कारण हे.

उपचार आहेत

हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी हे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्यामुळे कळा कमी होतात आणि रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत नियमित घ्यायची असते. बरं वाटलं म्हणून मनाने सोडायची नाही. मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

फॉलिक आम्लाची गोळी रोज लागते, कारण नवीन पेशी सतत बनत असतात आणि त्यांच्या डीएनएला ते लागतं. लोहाची गोळी मात्र सिकलसेलग्रस्ताने तपासणीशिवाय घेऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह साठून यकृताला, हृदयाला इजा होते. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि सर्व लसी, विशेषतः न्यूमोकोकल लस, चुकवू नका. त्यांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा :

– १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
– छातीत दुखणं, धाप लागणं
– एक हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झटका येणं
– मूल अचानक पांढरंफटक पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं
– मुलाचं किंवा पुरुषाचं लिंग बराच वेळ ताठ राहून दुखणं (लाजून वेळ घालवू नका)
– घरच्या औषधाने न थांबणाऱ्या कळा

रुग्णालयात गेल्यावर ‘पेशंट सिकलसेलचा आहे’ हे पहिलं वाक्य बोला आणि कार्ड दाखवा. ‘नाटक करतो’ असं कुणी म्हटलं तरी मागे हटू नका. या कळा खऱ्या असतात आणि वेदनाशामक औषध मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

लाज कसली?

‘आमच्यातच हा रोग का?’ असं लोक आम्हाला हळू आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने द्यायला हवं. ब्रिटिश डॉक्टर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथे वाहक मुलं तगली आणि ते बदललेलं अक्षर पुढच्या पिढ्यांत टिकलं. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, भारत सगळीकडे हीच कथा. हे ना गेल्या जन्मीचं पाप, ना कुणाच्या जातीचा कलंक. आपले पूर्वज मलेरियातून वाचले, त्याची ही खूण आहे.

लाजेमुळेच खरं नुकसान होतं. मुलगी वाहक आहे हे लपवून लग्न लावलं जातं, मुलाची तपासणी होतच नाही, आणि पुढे एक बाळ आयुष्यभर दुखणं सोसतं. पत्रिका जुळवण्याऐवजी दोघांचे रक्ततपासणीचे कागद शेजारी ठेवा. दोघंही वाहक निघाले तरी निर्णय त्यांचाच. लग्न झालेलं असेल तर गरोदर राहिल्याबरोबर नोंदणी करून डॉक्टरांना सांगा. साधारण १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होऊ शकते. पुढे काय करायचं हे त्या जोडप्याने, आणि मुख्य म्हणजे त्या बाईने, माहिती घेऊन ठरवायचं.

वस्तीने काय करायचं?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरलेली आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि ते योग्यच आहे. पण शहरातल्या आपल्या वस्त्या त्यात आपोआप येतील असं धरून चालू नका. महिला मंडळाने आणि युवकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या दवाखान्याला लेखी अर्ज देऊन विहारात तपासणी शिबिर मागावं. अर्जाची पोच घ्यावी. शिबिर झालं की दुसऱ्या तपासणीचे निकाल घरोघरी पोचेपर्यंत पाठपुरावा करावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. ग्रस्त व्यक्तीने जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि एसटी आगारात प्रवास सवलतीची चौकशी करावी. वाहकाला मात्र हे प्रमाणपत्र मिळत नाही.

घरात लग्नाचा मुलगा-मुलगी असेल, गरोदर सून असेल, किंवा ज्याचं रक्त कधी भरतच नाही असं लेकरू असेल, तर याच आठवड्यात आशाताईला गाठा आणि एकच प्रश्न विचारा : ‘आमची सिकलसेलची तपासणी कधी आणि कुठे होईल?’